मांडवीचा पहारेकरी : डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस

यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथातील तेहेतिसाव्या अध्यायात पहारेकऱ्याचे एक चित्र आहे. देशावर संकट येत आहे असे दिसताच कर्णा फुंकून लोकांना सावध करणे हे त्याचे काम. त्याने कर्णा फुंकला आणि लोकांनी ऐकले नाही, तर दोष लोकांचा. परंतु संकट दिसूनही तो गप्प राहिला, तर प्राणहानीचा जाब परमेश्वर त्याच्याजवळ मागतो. या वचनाचा संबंध आपण बहुधा उपदेशकांशी जोडतो. नगरपालिकेच्या सभागृहात बसणाऱ्या लोकप्रतिनिधीलाही तो तितकाच लागू पडतो, हे डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांच्या जीवनावरून ध्यानात येते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आहे असे स्पष्ट शब्दांत सांगणारे डॉक्टर म्हणून इतिहास त्यांना ओळखतो. ते ज्या जागेवरून बोलले ती जागा लोकांनी निवडून दिलेल्या सभासदाची होती. त्यांच्या जीवनाचे मर्म या दोन गोष्टींच्या संगमात आहे.

अकासियो यांचा जन्म १ एप्रिल १८५६ रोजी गोव्यात बार्देश तालुक्यातील हडफडे या गावी एका कॅथॉलिक कुटुंबात झाला. त्या काळी गोव्यात पोर्तुगीजांचे राज्य होते. नोकरी, शिक्षण व व्यवसाय यांसाठी गोव्यातील तरुण मोठ्या संख्येने मुंबईची वाट धरीत. धोबीतलाव, माझगाव, कावेल या भागांत त्यांची वस्ती वाढत होती, आणि गावोगावच्या लोकांनी चालविलेल्या कूडांतून नव्याने आलेल्या मुलाला आसरा मिळत असे. अकासियोही असेच मुंबईला आले. १८७४ साली ते मॅट्रिक्युलेशनची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि पुढे भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून १८८० साली त्यांनी वैद्यकीय पदवी संपादन केली.

पदवी मिळाल्यावर त्यांनी मांडवी विभागात व्यवसाय सुरू केला. हा भाग गोव्याच्या लोकांचा नव्हता. बंदराला लागून असलेल्या या वस्तीत प्रामुख्याने कच्छी, गुजराती व जैन व्यापारी राहत. धान्याच्या मोठमोठ्या वखारी, त्यांवर मजल्यामागून मजले चढविलेली घरे, सूर्यप्रकाश न पोहोचणाऱ्या खोल्या आणि दोन इमारतींमधून वाहणारी उघडी गटारे असे मांडवीचे रूप होते. तळाशी धान्याची पोती आणि वर माणसांची दाटी. धर्म निराळा, घरची भाषा निराळी, आहार निराळा, तरीही आजारपणात या घरांची दारे त्यांच्यासाठी उघडत. परक्या वस्तीतील घराच्या आतल्या खोलीपर्यंत पोहोचण्याचा हा विश्वास वर्षानुवर्षांच्या सेवेने मिळतो, आणि पुढे मुंबईच्या इतिहासात तोच मोलाचा ठरला.

१८८८ साली मुंबईच्या म्युनिसिपालिटीचा नवा कायदा झाला. त्यानुसार कॉर्पोरेशनचे ७२ सभासद असत आणि त्यांपैकी निम्मे, म्हणजे ३६, करदात्यांनी निवडून द्यावयाचे असत. मतदानाचा अधिकार थोड्यांनाच होता, तरीही आपल्या शहराचे पाणी, गटारे, रस्ते व दवाखाने यांविषयी निवडून आलेल्या माणसाने जाब विचारावा ही प्रथा येथे रुजत होती. फिरोजशहा मेहतांसारखे धुरंधर त्या सभागृहात बोलत असत. डॉ. व्हिएगस याच सभागृहात निवडून आले आणि पुढे स्थायी समितीचे सभासद झाले. खर्चाला मंजुरी देणारी आणि आयुक्तांच्या कारभारावर लक्ष ठेवणारी ही समिती म्हणजे म्युनिसिपालिटीचा कणाच होता.

१८९६ च्या पावसाळ्याच्या अखेरीस मांडवीत काही रोगी त्यांच्या पाहण्यात आले. एकाएकी चढणारा कडक ताप, ग्लानी, जांघेत किंवा काखेत उठलेली दुखरी गाठ आणि दोन-चार दिवसांत मृत्यू. मुंबईला ताप नवा नव्हता. हिवताप, विषमज्वर, पटकी यांनी माणसे दरवर्षी मरतच होती. पण ही लक्षणे त्या कोणत्याही रोगात बसणारी नव्हती. दोनच वर्षांपूर्वी, १८९४ साली, हाँगकाँगमध्ये प्लेगची भयंकर साथ आली होती, आणि तेथेच अलेक्झांडर येर्सिन या संशोधकाने त्या रोगाचा जंतू शोधून काढला होता. हाँगकाँगची जहाजे मुंबईला येत असत आणि मांडवी बंदराच्या दारातच होती. डॉ. व्हिएगस यांनी या खुणा एकत्र जुळविल्या. २३ सप्टेंबर १८९६ रोजी स्थायी समितीच्या बैठकीत त्यांनी सांगितले की मांडवीत गाठीचा प्लेग पसरत आहे.

हे सांगणे किती जड होते याची कल्पना आज सहसा येत नाही. प्लेग हा शब्द उच्चारला की परदेशची बंदरे मुंबईच्या जहाजांना अडविणार, कापूस व धान्य यांचा व्यापार बसणार, गिरण्यांतील मजूर गावी पळणार, हे सर्वांना कळत होते. ज्या व्यापाऱ्यांच्या घरी डॉ. व्हिएगस औषध देत, त्यांच्याच वखारींवर या शब्दाचा पहिला आघात होणार होता. स्वतःच्या व्यवसायाचा व पुढील निवडणुकीचा विचार करणारा माणस आणखी काही आठवडे वाट पाहता. आरोग्य खात्याची आरंभीची भाषाही सावध होती. रोगाला एखादे सौम्य, संदिग्ध नाव देता आले तर बरे, अशीच अनेकांची इच्छा असावी. मराठी वृत्तपत्रांनी पुढे त्याला ग्रंथिक सन्निपात म्हटले, आणि सामान्य लोक गाठीचा ताप म्हणू लागले.

डॉ. व्हिएगस यांचे निदान सर्वांनी लगेच मान्य केले नाही. शासनाने अन्य तज्ज्ञांकडून खात्री करून घेतली. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कलकत्त्याहून शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांना मुंबईस पाचारण करण्यात आले आणि निदान खरे ठरले. ओदेसा येथे जन्मलेल्या या यहुदी संशोधकाने ग्रँट मेडिकल कॉलेजमधील एका लहानशा जागेत अहोरात्र काम करून लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. ज्या कॉलेजातून डॉ. व्हिएगस बाहेर पडले होते, त्याच कॉलेजात त्यांनी ओळखलेल्या रोगावरची लस तयार व्हावी, यात प्रभूचा हात दिसल्यावाचून राहत नाही.

दरम्यान संकट वाढत गेले. साथ जोरात असताना मुंबईत आठवड्याला सुमारे १,९०० माणसे मरू लागली. आगगाड्या व बोटी भरभरून लोक शहर सोडून गेले. १८९१ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८,२०,००० च्या वर होती, ती १९०१ साली ७,८०,००० च्याही खाली आली. गटारांतून समुद्राचे पाणी व कार्बोलिक आम्ल सोडण्यात आले, घरे धुण्यात आली, रोग्यांचे सामान जाळण्यात आले. पण रोग नेमका कशाने पसरतो हे त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हते. उंदराच्या अंगावरील पिसवा हा रोग माणसापर्यंत आणतात, हे पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली मांडले आणि त्यालाही मान्यता मिळण्यास काही वर्षे लागली.

येथे पवित्र शास्त्राच्या वाचकाला पहिल्या शमुवेलाच्या पाचव्या व सहाव्या अध्यायांची आठवण होईल. कराराचा कोश पलिष्ट्यांच्या अश्दोद नगरात आणल्यावर तेथील लोकांच्या अंगावर गाठी उठल्या, आणि कोश परत पाठविताना त्यांनी गाठींच्या व उंदरांच्या सोन्याच्या प्रतिमा बरोबर दिल्या. मूळ इब्री शब्दाचा अर्थ सूज वा फुगवटा असा आहे. जुन्या काही भाषांतरांत त्याला मूळव्याध म्हटले गेले, परंतु उंदरांच्या उल्लेखामुळे अनेक अभ्यासकांना येथे प्लेगच दिसतो. गाठ आणि उंदीर यांचा संबंध त्या लोकांच्या नजरेस आला होता, त्याचे कारण कळण्यास मात्र जगाला पुढे सुमारे तीन हजार वर्षे लागली. मांडवीत धान्याच्या वखारींवर माणसे राहत होती, आणि धान्य तेथे उंदीर. अस्वच्छ वस्त्या साफ करा, उंदरांचा नाश करा, हा आग्रह डॉ. व्हिएगस यांनी धरला होता, तो योग्य दिशेनेच होता.

प्लेगपेक्षाही लोकांना भीती वाटली ती सरकारी बंदोबस्ताची. रोग्याला बळाने उचलून रुग्णालयात नेणे, स्त्रियांची तपासणी, घराची झडती यांमुळे असंतोष भडकला. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि अधिकाऱ्यांच्या हाती फार मोठी सत्ता आली. त्याच वर्षी पुण्यात रँडसाहेबाचा खून झाला, आणि पंडिता रमाबाईंनी प्लेगच्या रुग्णालयात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध निर्भीडपणे लिहिले. मार्च १८९८ मध्ये मुंबईतही दंगल उसळली. लोकांचे रक्षण करावयाचे ते लोकांना शत्रू मानून करता येत नाही, हा धडा त्या वर्षांनी फार मोठी किंमत घेऊन शिकविला.

या पार्श्वभूमीवर डॉ. व्हिएगस यांच्या कामाचे महत्त्व अधिक उठून दिसते. लसीविषयी नाना अफवा होत्या. ही लस धर्म बाटवील, माणूस नपुंसक होईल, सरकार विष टोचत आहे, असे लोक बोलत. अशा दिवसांत जी सुई अनोळखी शिपायाच्या बंदोबस्तात आली असती तर दार बंद झाले असते, तीच ओळखीच्या डॉक्टरच्या हाती आल्यावर लोकांनी दंड पुढे केला. डॉ. व्हिएगस यांनी सुमारे १८,००० लोकांना लस टोचल्याची नोंद त्यांच्या चरित्रात केली जाते. त्यात धोका होता, कारण रोग्याच्या बिछान्याजवळ बसणारा प्रत्येक जण मृत्यूच्या छायेत बसत होता. पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करतानाच रोग जडून १० मार्च १८९७ रोजी निधन पावल्या, हे आपणांस ठाऊक आहे.

प्लेगने मुंबईला आणखी एक गोष्ट शिकविली. केवळ औषधाने शहर निरोगी होत नाही. घर, हवा, उजेड, पाणी व गटार यांची व्यवस्था बदलावी लागते. १८९८ साली मुंबई सुधारणा मंडळ, म्हणजे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाले. दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढणे व नवीन घरे बांधणे हे त्याचे काम होते. त्या कामात गोरगरिबांची पुष्कळ घरे गेली आणि नवी घरे सर्वांना मिळाली नाहीत, हेही सत्य आहे. तरीसुद्धा आजाराचे मूळ वस्तीच्या रचनेत असते ही जाणीव शहराच्या कारभारात त्यानंतर कायमची आली.

१९०६ साली डॉ. व्हिएगस मुंबईच्या म्युनिसिपल कॉर्पोरेशनचे अध्यक्ष झाले. त्या पदावर निवडून आलेले ते पहिले एतद्देशीय ख्रिस्ती होत. तेव्हाच्या अध्यक्षपदालाच १९३१ पासून महापौर हे नाव मिळाले. ख्रिस्ती समाज मुंबईत अल्पसंख्य होता, आणि केवळ आपल्या समाजाच्या मतांवर कोणी त्या खुर्चीपर्यंत पोहोचणे शक्य नव्हते. हिंदू, पारशी, मुसलमान व युरोपियन सभासदांनी त्यांना अध्यक्ष केले. आरोग्याबरोबरच प्राथमिक शिक्षणाकडेही त्यांचे लक्ष होते. शहरातील मुलांना विनामूल्य शिक्षण मिळावे या विचाराचा त्यांनी पुरस्कार केला. मुंबई विद्यापीठाच्या कारभारातही त्यांनी भाग घेतला. १९३३ साली त्यांचे देहावसान झाले. पुढे धोबीतलावला, मेट्रो सिनेमाजवळ, त्यांचा पूर्णाकृती पुतळा उभारण्यात आला. त्या चौकातून रोज जाणाऱ्या हजारो लोकांपैकी फारच थोड्यांना तो कोणाचा आहे हे ठाऊक असे.

२०२० साली कोरोनाची साथ आली, तेव्हा १८९७ चा तोच कायदा पुन्हा देशभर लागू करण्यात आला. पुन्हा अफवा उठल्या, पुन्हा मजुरांचे तांडे शहर सोडून निघाले, पुन्हा लशीविषयी संशय निर्माण झाला. आणि पुन्हा असे दिसून आले की परिपत्रकापेक्षा वस्तीतील ओळखीच्या माणसाच्या शब्दावर लोकांचा भरवसा अधिक असतो. १९९२ साली झालेल्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्तीने ग्रामपंचायती व नगरपालिका यांना घटनेत स्थान मिळाले आहे. देशाच्या निरनिराळ्या भागांत आपल्या मंडळ्यांतील बंधुभगिनीही तेथे निवडून जातात. मंडळीच्या दृष्टीने मात्र हे काम अजून दुय्यमच राहिले आहे. पाळकासाठी, मिशनरीसाठी आपण नित्य प्रार्थना करतो. प्रभागातील पिण्याच्या पाण्याची तपासणी होते की नाही हे विचारणाऱ्या सभासदासाठी क्वचितच करतो.

डॉ. व्हिएगस उपदेशक नव्हते. ज्या दिवशी त्यांनी मांडवीतील रोगाचे खरे नाव उच्चारले, त्या दिवशी शहराच्या तटावर उभ्या असलेल्या पहारेकऱ्याचे कर्तव्य त्यांनी बजावले. कर्णा फुंकल्यावर ते घरी निघून गेले नाहीत. ज्यांना सावध केले त्यांच्याच अंधाऱ्या खोल्यांत लस घेऊन परत गेले. अप्रिय सत्य वेळेवर सांगणे आणि ते सांगितल्यावर लोकांच्या सोबत राहणे, या दोन्ही गोष्टी ज्याच्या ठायी आहेत अशाच माणसाला आपल्या गावाच्या व शहराच्या सभागृहात पाठवावे. तसा माणूस आपल्या मंडळीतून घडावा, यासाठी प्रभूजवळ मागणे करावे.