मुंबईच्या समुद्रातील तेलाचे शिल्पकार

जुहूच्या विमानतळावरून हेलिकॉप्टरे समुद्राच्या दिशेने झेपावतात. अंधेरी-पार्ल्याच्या रहिवाशांना त्या घरघरीचे आता काही वाटत नाही. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवरील ‘मुंबई हाय’ तेलक्षेत्रातील कर्मचाऱ्यांची ती ने-आण असते. या तेलामागे ज्यांची जिद्द होती, ते केशवदेव मालवीय मात्र शहराच्या विस्मरणात गेले आहेत.

मालवीय यांचा जन्म १९०४ चा. स्वातंत्र्यलढ्यातून ते राजकारणात आले आणि नेहरूंच्या मंत्रिमंडळात नैसर्गिक साधनसंपत्तीचे खाते त्यांच्याकडे आले. भारतातील तेलाविषयी पाश्चात्त्य कंपन्या फारशा आशावादी नव्हत्या. मालवीय यांनी सोविएत तज्ज्ञांना पाचारण केले. १९५६ मध्ये तेल व नैसर्गिक वायू आयोग आकाराला आला. १९५८ मध्ये खंबातला आणि १९६० मध्ये अंकलेश्वरला तेल लागले. जमिनीवरचे हे थर पुढे समुद्राखालीही गेले असणार, हा तर्क ओघानेच आला.

पण १९६३ मध्ये ओरिसातील एका खाणमालकाशी असलेल्या संबंधांवरून वादळ उठले आणि मालवीय यांना राजीनामा द्यावा लागला. दैवदुर्विलास असा, की समुद्रातील खरे काम त्यानंतर सुरू झाले. १९६४ ते ६७ या काळात ‘अकादमिक आर्खांगेल्स्की’ या रशियन जहाजाने खंबातच्या आखाताची आणि लगतच्या समुद्राची भूकंपीय पाहणी केली. पाण्यात ध्वनिलहरी सोडायच्या, तळाखालच्या खडकांवरून परतणारे प्रतिध्वनी टिपायचे आणि लागलेल्या वेळेवरून थरांची खोली ताडायची, अशी ही पद्धत. त्यातूनच मुंबईसमोर समुद्रतळाखाली दडलेला प्रचंड उंचवटा नकाशावर आला. ‘हाय’ हे नाव त्यावरूनच पडले. मुंबईसमोरची समुद्रबूड जमीन विलक्षण रुंद आहे. म्हणूनच इतक्या दूरही पाणी जेमतेम ७५ मीटर खोल आणि तळावर पाय रोवून खोदकाम शक्य.

१९७२ मध्ये पुन्हा तपशीलवार पाहणी झाली. फेब्रुवारी १९७४ मध्ये जपानी बनावटीच्या ‘सागर सम्राट’ने चुनखडकातून तेल काढले. मालवीय तोवर मंत्रिमंडळात परतले होते, परंतु पेट्रोलियम खाते त्यांच्याकडे नव्हते. ते त्याच वर्षी पुढे मिळाले आणि २१ मे १९७६ रोजी उत्पादन सुरू झाले, तेव्हा पेट्रोलियममंत्री तेच होते.

पुढच्याच वर्षी काँग्रेसची सत्ता गेली. १९८१ मध्ये मालवीय यांचे निधन झाले. डेहराडूनची तेलसंशोधन संस्था आज त्यांच्या नावाने ओळखली जाते.