शाळेच्या आधी मास्तर घडवणारे भाऊराव

कॉलेजच्या नोटीस बोर्डावर ‘कमवा आणि शिका’ योजनेची यादी तुम्ही पाहिली असेल. कदाचित तिच्यात तुमचंही नाव असेल. या योजनेमागचं नाव कर्मवीर भाऊराव पाटलांचं. पांढऱ्या दाढीतला तो फोटो आपल्या ओळखीचा आहे. पण या माणसाने नेमकं काय केलं, असं कुणी विचारलं तर आपण ‘खूप शाळा काढल्या’ म्हणून मोकळे होतो. त्या शाळा चालल्या कशा, हे मात्र विचारायचं राहून जातं.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर भागातल्या कुंभोज गावी झाला. शिक्षणात गाडी मॅट्रिकपर्यंतही पोचली नाही. कोल्हापुरात शिकताना ते दलित विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या उद्घाटनाला गेले. परतल्यावर आंघोळ करायला त्यांनी नकार दिला आणि आपल्या वसतिगृहातली जागा गमावली. पुढे ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकत ते खेडोपाडी फिरले. हा फिरतीचा विक्रेताच पुढे शिक्षणाकडे वळला.

१९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह उभं राहिलं. सगळ्या जातींची पोरं एकत्र राहायची, एकत्र जेवायची, स्वतःची कामं स्वतः करायची. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव मिळालं. नाव मोठं झालं, तरी कोठीतलं धान्य संपायचं ते संपायचंच. अशा वेळी पत्नी लक्ष्मीबाईंनी एकेक दागिना मोडला, शेवटी मंगळसूत्रही विकलं. १९३० मध्ये त्या गेल्या.

आता तुम्ही भाऊरावांच्या जागी आहात असं समजा. वसतिगृहात पोरं आहेत, हाताशी पैसा बेताचा आहे. पुढे काय काढाल? आपल्यापैकी बहुतेक जण हायस्कूल म्हणतील. भाऊरावांनी १९३५ मध्ये साताऱ्यात शिक्षक तयार करणारं ट्रेनिंग कॉलेज काढलं. हायस्कूल आलं १९४० मध्ये. म्हणजे आधी मास्तर, मग शाळा!

यामागचा हिशोब सरळ होता. चार भिंती वर्गणीतूनही उभ्या राहतात. पण वीज नसलेल्या, रस्ता नसलेल्या गावात जाऊन राहणारा, पोरं गोळा करणारा, गावकऱ्यांशी बोलून शाळा चालवणारा माणूस कुठून आणायचा? खेड्यातल्या एकशिक्षकी शाळेत हाच माणूस शिक्षक, हाच मुख्याध्यापक आणि गरज पडली तर हाच शिपाई. भाऊरावांनी असा माणूस बाहेर शोधला नाही, आपल्याच पोरांतून घडवला. ज्याने वसतिगृहात भाकरी भाजली, शेतात राबून शिक्षण घेतलं, त्याला गाव नवं नव्हतं आणि कामाची लाजही नव्हती.

दुसरी बाजू गावाने सांभाळायची. जिथे शाळाच नव्हती अशा खेड्यांत ‘व्हॉलंटरी’ शाळा सुरू झाल्या. कुठे देवळात, कुठे चावडीत वर्ग भरायचा. जागा गावाची, शिक्षक संस्थेचा, थोडा हातभार सरकारचा. घरातल्या बायका दळताना मूठभर धान्य बाजूला काढायच्या, ते वसतिगृहातल्या पोरांच्या पोटात जायचं. ज्या घराने मूठ दिली, त्या घराला ती पोरं परकी कशी वाटतील?

या नात्याची कसोटी १९४८ मध्ये लागली. भाऊरावांनी केलेली टीका मुंबई सरकारला झोंबली आणि संस्थेचं अनुदान थांबलं. इतका मोठा पसारा, आणि सरकारी पैसा बंद! पण संस्था मोडली नाही. लोकांनी वर्गणी काढून ती तगवली, पुढे अनुदानही पुन्हा सुरू झालं. एकट्या भाऊरावांच्या जिवावर सगळं उभं असतं, तर तेव्हाच कारभार आटोपला असता.

९ मे १९५९ रोजी भाऊराव गेले. त्याच वर्षी पद्मभूषण आणि पुणे विद्यापीठाची डी.लिट. मिळाली होती. तोवर शंभराहून जास्त हायस्कुलं आणि शेकडो प्राथमिक शाळा उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्याच वसतिगृहात वाढलेले विद्यार्थी मुख्याध्यापक, प्राचार्य, आजीव सेवक म्हणून संस्थेचा गाडा ओढत होते. बॅरिस्टर पी. जी. पाटील तर विलायतेहून शिकून आले आणि साताऱ्यात शिकवायला उभे राहिले.

सुट्टीत गावी जाल तेव्हा तुमच्या जुन्या शाळेत एकदा डोकावा. नवा रंग, नवा संगणक कक्ष दिसेल, चांगलंच आहे. पण थोडं थांबून बघा, शाळेचा प्रमुख कोण आहे, त्याच्या पाठीशी गाव आहे का, आणि त्याच्यानंतरचा माणूस कुणी तयार करतंय का. कुणीच करत नसेल, तर मुख्याध्यापकांना भेटा आणि शनिवारची सकाळ मागून घ्या. गणित घ्या, कबड्डी घ्या, जे येतं ते घ्या. बरोबर दोन मित्रही न्या, म्हणजे तुम्ही नसाल त्या शनिवारीही वर्ग भरेल.