रॉक हडसन : मुखवट्याआडचा नायक

२५ जुलै १९८५ रोजी पॅरिसमध्ये पत्रकारांपुढे एक छोटेसे निवेदन करण्यात आले आणि काही तासांतच ते जगभर पोहोचले. हॉलिवूडचा विख्यात अभिनेता रॉक हडसन याला एड्स झाल्याची ती कबुली होती. अमेरिकेत या रोगाची पहिली नोंद होऊन तेव्हा चार वर्षे उलटली होती. सुमारे १२ हजार अमेरिकी नागरिक त्याने दगावले होते किंवा मृत्यूच्या वाटेवर होते. तरीही सरकार स्वस्थ होते, कारण मरणाऱ्यांत बहुसंख्य समलिंगी पुरुष होते. हजारो अनामिकांच्या मृत्यूने जे साधले नाही, ते एका नटाच्या आजाराने साधले. दैवदुर्विलास असा, की आपण समलिंगी आहोत ही गोष्ट हा नट जन्मभर लपवत आला होता.

त्याचे मूळ नाव रॉय शेरर. १७ नोव्हेंबर १९२५ रोजी इलिनॉय राज्यातील विनेट्का या गावी त्याचा जन्म झाला. मोटार मेकॅनिक असलेले वडील मंदीच्या काळात कुटुंब सोडून निघून गेले. आईने दुसरे लग्न केले आणि मुलाला सावत्र वडिलांचे फिट्झगेराल्ड हे आडनाव मिळाले. दुसऱ्या महायुद्धात नौदलात विमानांचा मेकॅनिक म्हणून काम केल्यावर तो लॉस एंजेलिसला आला आणि ट्रक चालवू लागला. अभिनयाचे शिक्षण नव्हते. होती ती सहा फुटांहून अधिक उंची आणि देखणा चेहरा.

नटांचा एजंट हेन्री विल्सन याने १९४७ मध्ये त्याला हेरले. जिब्राल्टरचा खडक आणि हडसन नदी यांवरून त्याचे नवे नाव बेतले गेले. दात नीट करून घेण्यात आले. चालणे, बोलणे, उभे राहणे, सारे शिकवण्यात आले. १९४८ च्या ‘फायटर स्क्वाड्रन’मध्ये त्याला पहिली चिमुकली भूमिका मिळाली. मग युनिव्हर्सल स्टुडिओच्या करारावर काही वर्षे दुय्यम भूमिका केल्यानंतर १९५४ च्या ‘मॅग्निफिसंट ऑब्सेशन’ने तो एकदम तारा झाला. या चित्रपटातील त्याची नायिका जेन वायमन ही रोनाल्ड रेगन यांची पहिली पत्नी होती. १९५६ च्या ‘जायंट’मध्ये तो एलिझाबेथ टेलर आणि जेम्स डीन यांच्यासोबत झळकला. त्या भूमिकेसाठी त्याला ऑस्करचे नामांकन मिळाले. टेलरशी तेव्हा जुळलेली मैत्री अखेरपर्यंत टिकली.

पडद्यावरच्या या मर्दानी नायकाचे खासगी आयुष्य चित्रनगरीतील अनेकांना ठाऊक होते. ते बाहेर येऊ नये यासाठी मात्र सारी यंत्रणा राबत होती. त्या काळी अमेरिकेतील प्रत्येक राज्यात समलिंगी संबंध हा गुन्हा होता आणि कलावंताच्या करारात नैतिकतेची कलमे असत. तारेतारकांच्या भानगडी छापणाऱ्या ‘कॉन्फिडेन्शियल’ मासिकाची टांगती तलवार तर कायम डोक्यावर होती. हडसनचे गुपित झाकण्यासाठी विल्सनने आपल्याच दुसऱ्या एका नटाचा पूर्वेतिहास या मासिकाला पुरवला, असे सांगितले जाते. ऑक्टोबर १९५५ मध्ये ‘लाइफ’ नियतकालिकाने तो अजून अविवाहित का, हा विषय काढला. पुढच्याच महिन्यात विल्सनची सेक्रेटरी फिलिस गेट्स हिच्याशी हडसनचा विवाह झाला. १९५८ मध्ये तो घटस्फोटात संपला. पुन्हा त्याने लग्न केले नाही.

डोरिस डे हिच्यासोबतच्या १९५९ च्या ‘पिलो टॉक’ने त्याला विनोदी चित्रपटांचाही नायक बनवले. त्यातला नायक नायिकेला फसवण्यासाठी एक बायकी वळणाचा पुरुष उभा करतो. म्हणजे एक समलिंगी नट स्त्रीलंपट नायक साकारत होता आणि तो नायक समलिंगी असल्याचा आव आणत होता. प्रेक्षक पोट धरून हसले. त्यातला तिहेरी मुखवटा कुणाला कळला नाही. १९६६ च्या ‘सेकंड्स’मध्ये चेहरा आणि नाव बदलून नवे आयुष्य विकत घेणाऱ्या व आतून उद्ध्वस्त होणाऱ्या माणसाची भूमिका त्याने केली. तेव्हा हा चित्रपट पडला. आज मात्र त्याच्या सर्वोत्तम कामांत त्याची गणना होते. पुढे १९७१ ते १९७७ या काळात ‘मॅकमिलन अँड वाइफ’ या मालिकेने त्याला घराघरांत नेले.

मे १९८४ मध्ये व्हाइट हाउसमधील शाही भोजनाला रेगन दाम्पत्याचा पाहुणा म्हणून तो उपस्थित होता. पुढच्याच महिन्यात, मानेवरच्या डागाची तपासणी केल्यावर एड्सचे निदान झाले. त्याने ते मोजक्या लोकांनाच सांगितले. पॅरिसला जाऊन उपचार घेतले आणि परतल्यावर ‘डायनेस्टी’ मालिकेत कामही केले. सहनायिकेसोबतच्या चुंबनदृश्याआधी त्याने तिला कल्पना दिली नाही. घरातल्या सोबत्यापासूनही त्याने आजार दडवला. त्या सोबत्याला लागण झाली नव्हती, तरी त्याने लावलेल्या दाव्यात १९८९ मध्ये ज्यूरीने त्याच्या बाजूने कौल दिला. लपवण्याची सवय इतकी हाडीमासी खिळली होती, की जिथे बोलणे हे कर्तव्य होते तिथेही तो गप्प राहिला. त्याच्या चरित्रातला हा डाग पुसता येत नाही.

जुलै १९८५ मध्ये तो पुन्हा पॅरिसला गेला आणि हॉटेलातच कोसळला. लष्करी रुग्णालयात दाखल होता यावे म्हणून व्हाइट हाउसने शब्द टाकावा, अशी तार त्याच्या प्रसिद्धी अधिकाऱ्याने पाठवली. एका व्यक्तीसाठी अपवाद करणे योग्य नाही, या विचाराने ती विनंती मान्य झाली नाही. नॅन्सी रेगन यांचीही या निर्णयाला संमती होती, हे २०१५ मध्ये प्रकाशात आलेल्या कागदपत्रांवरून उघड झाले. अपवाद नको, हे तत्त्व म्हणून ठीकच. पण ज्या हजारोंसाठी नियम म्हणून काही करायला हवे होते, त्यांच्यासाठीही या प्रशासनाने फारसे काही केले नव्हते. १९८२ मध्ये एका पत्रकाराने एड्सविषयी विचारले, तेव्हा अध्यक्षांच्या प्रसिद्धी सचिवांनी प्रश्न थट्टेवारी नेला होता आणि कक्षात हशा पिकला होता.

हडसनच्या बातमीनंतर तो हशा थांबला. १७ सप्टेंबर १९८५ रोजी रेगन यांनी पत्रकार परिषदेत एड्सविषयीच्या प्रश्नाला उत्तर दिले. जाहीररीत्या ते प्रथमच या विषयावर बोलले. त्याच महिन्यात एलिझाबेथ टेलरने लॉस एंजेलिसमध्ये निधीसंकलनाचा मोठा समारंभ घडवून आणला. तिच्या सहभागाने उभ्या राहिलेल्या ‘अँफार’ या संशोधन संस्थेला हडसनने अडीच लाख डॉलर दिले. २ ऑक्टोबर १९८५ रोजी, वयाच्या ५९ व्या वर्षी, बेव्हर्ली हिल्समधील घरी झोपेतच त्याचा मृत्यू झाला. त्याच सुमारास अमेरिकी काँग्रेसने एड्स संशोधनासाठी सुमारे १९ कोटी डॉलरची तरतूद केली. प्रशासनाच्या मागणीपेक्षा ती सुमारे ७ कोटींनी अधिक होती.

हडसन चळवळीतला माणूस नव्हता. निदर्शने, मोर्चे, हक्कांची भाषा यांपासून तो दूरच राहिला. एड्सची कबुली दिल्यावरही आपल्या लैंगिकतेविषयी तो उघडपणे काही बोलला नाही. त्यामुळे त्याला हुतात्मा ठरवणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु ज्या मध्यमवर्गीय अमेरिकेने त्याला आदर्श पती आणि प्रियकर मानले, तिला त्याच्या मृत्यूने एका गोष्टीची जाणीव करून दिली : ज्यांना आपण परके समजतो, ती माणसे आपल्याच दिवाणखान्यात वर्षानुवर्षे बसलेली होती. एवढे कळायला इतक्या माणसांचे प्राण जावे लागले, याचा दोष मात्र मुखवटा घालणाऱ्याहून अधिक, तो घालायला लावणाऱ्या समाजाकडे जातो.