होळकर महाराजांची ड्युसेनबर्ग : आधी मनासारखी बदलून घेतली, आता तीच ‘ओरिजिनल’

चांदवडचा रंगमहाल पाहिलेल्या नाशिककरांना होळकर हे नाव नवं नाही. पण याच घराण्यातले इंदूरचे शेवटचे राज्यकर्ते यशवंतराव होळकर (दुसरे) जगभरच्या जुन्या गाड्यांच्या शौकिनांना वेगळ्याच कारणाने माहीत आहेत.

त्यांचा जन्म ६ सप्टेंबर १९०८ चा. वडील तुकोजीराव (तिसरे) यांना मुंबईतल्या गाजलेल्या बावला खून प्रकरणानंतर १९२६ मध्ये गादी सोडावी लागली आणि कोवळ्या वयाच्या यशवंतरावांकडे वारसा आला. त्यांचं शिक्षण इंग्लंडमध्ये चार्टरहाउस आणि ऑक्सफर्डला झालं. प्रत्यक्ष कारभार हाती आला तो १९३० मध्ये. पत्नी संयोगिताराजे कोल्हापूरजवळच्या कागलच्या.

हे जोडपं युरोपातल्या नव्या कलेच्या प्रेमात होतं. बर्नार्ड बुते द मॉन्व्हेल या फ्रेंच चित्रकाराने यशवंतरावांची दोन मोठी चित्रं काढली. एकात ते पाश्चात्त्य सूटमध्ये आहेत, तर दुसऱ्यात मराठा राजाच्या पोशाखात. इंदूरचा माणिकबाग राजवाडाही त्यांनी एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुविशारदाकडून करून घेतला. फर्निचरपासून दिव्यांपर्यंत सगळं नव्या धाटणीचं.

गाड्यांच्या बाबतीतही तेच. इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. त्या काळात महागडी गाडी शोरूममधून तयार मिळेलच असं नव्हतं. कंपनी इंजिन आणि चासी द्यायची. वरची बॉडी ग्राहक आपल्या पसंतीच्या कारागिरांकडून बांधून घ्यायचा. दार कसं हवं, टप कसा हवा, रंग कोणता, हे गिऱ्हाईक ठरवणार. थोडक्यात, आज आपण ज्याला मॉडिफिकेशन म्हणतो, ते तेव्हा खरेदीतच धरलेलं असायचं.

यशवंतरावांनी अमेरिकेची ड्युसेनबर्ग निवडली. आठ सिलिंडरचं ६.९ लिटरचं इंजिन, त्यावर सुपरचार्जर, ताकद ३२० हॉर्सपॉवर. या मॉडेलची नुसती चासीच साडेआठ ते साडेनऊ हजार डॉलरची, तीही जागतिक मंदीच्या दिवसांत! बॉडी मात्र लंडनच्या गर्नी नटिंगकडून बांधून घेतली. भलीमोठी लांब गाडी, आणि बसायची सोय फक्त दोघांची. रंग केशरी आणि काळा. सोय बघणाऱ्याने अशी गाडी कधीच घेतली नसती. हिस्पानो-सुइझा जे १२ या आणखी एका दिमाखदार गाडीची बॉडीही त्यांनी याच गर्नी नटिंगकडून करून घेतली होती.

१९३७ मध्ये दोन गोष्टी घडल्या. ड्युसेनबर्ग कंपनी बंद पडली आणि संयोगिताराजे तरुण वयात स्वित्झर्लंडमध्ये वारल्या. यशवंतरावांनी पुढे दोन लग्नं केली, दोन्ही अमेरिकन स्त्रियांशी. १९४८ मध्ये इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झालं. ५ डिसेंबर १९६१ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

ड्युसेनबर्ग अमेरिकेतल्या संग्राहकांकडे गेली. आता तिचा मालक कोणीही असो, त्याला रंग बदलायची किंवा मागे दोन सीट वाढवायची इच्छा झाली, तर तो गाडीच्या किमतीवर स्वतःच पाणी फिरवेल. कारण एका तरुण राजाची ती विक्षिप्त आवड हीच आता त्या गाडीची ओळख आहे. आणि ती बॉडी नंतर चढवलेली नाही. गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आली ती याच रूपात.

घरी आजोबांची जुनी फियाट उभी असलेल्यांनाही हाच फरक बघावा लागतो. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी गाडी मूळ रूपात असेल आणि तिच्यात मोठे फेरबदल झाले नसतील, तरच ती ‘व्हिंटेज’ ठरते. नव्या नोंदणीचे २० हजार रुपये, मुदत १० वर्षं, नंबरमध्ये ‘व्हीए’ ही अक्षरं. मात्र अशी गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली किंवा दुरुस्तीसाठीच बाहेर काढता येते. त्यामुळे रोज चालवायची असेल, तर व्हिंटेज नोंदणीच्या मागे लागण्यात फारसा अर्थ नाही.

माणिकबागेच्या नशिबी मात्र मूळ रूप टिकणं नव्हतं. तिथलं बरंचसं फर्निचर १९८० मध्ये मोंटे कार्लोच्या लिलावात विकलं गेलं, आणि राजवाड्यात सरकारी कर कार्यालय आलं.