४७ वर्षं, एकच गाडी!

तुमच्या आबाजींची राजदूत किंवा येझदी अजून गोठ्याच्या कोपऱ्यात धूळ खात उभी आहे का? मग यवतमाळच्या एखाद्या गॅरेजात नेऊन तिला ‘रेट्रो लूक’ द्यायचं तुमच्याही डोक्यात आलं असेलच. गोल हेडलाइट, चपटी तपकिरी सीट, टाकीला क्रीम कलर. भारीच! पण त्याआधी बर्ट मन्रोला भेटा. जुनी गाडी मॉडिफाय करणाऱ्या सगळ्यांचा हा आबाजीच समजा.

मन्रोचा जन्म १८९९ चा, न्यूझीलंडच्या पार दक्षिण टोकाला, इन्व्हरकार्गिलजवळचा. शेतकऱ्याचं पोर. १९२० मध्ये, म्हणजे साधारण तुमच्याच वयात, त्याने ‘इंडियन स्काउट’ घेतली. नावावर जाऊ नका, कंपनी अमेरिकेची. ६०० सीसीची ही गाडी ताशी ८९ किलोमीटरच्या आसपास धापा टाकायची. साहेबांचं समाधान होईना. १९२६ पासून त्याने तिच्यात बदल सुरू केले आणि ते जवळपास आयुष्यभर चालले.

खिशात पैसे नव्हते. मग काय, जुगाड! जुन्या डब्यांमध्ये धातू ओतून तो पिस्टन बनवायचा. कनेक्टिंग रॉड ट्रॅक्टरच्या एक्सलमधून हाताने घासून काढायचा. बारीक मापं घ्यायला चाकाचा जुना स्पोक. दिवसा मोटरसायकली विकायच्या, रात्री शेडमध्ये घुसायचं. इंजिन कितीदा फुटलं! पण तुटलेला पार्ट तो भंगारात द्यायचा नाही. फळीवर मांडून ठेवायचा, जणू वेगाच्या देवाला दाखवलेला नैवेद्यच.

या वेडाची किंमत त्याच्या घरानेही मोजली. १९४७ मध्ये घटस्फोट झाला. पुढे नोकरी सोडली आणि गाडीशेजारी गॅरेजातच त्याने मुक्काम ठोकला. एवढं मात्र कॉपी करू नका.

१९६२ मध्ये, वयाच्या ६३ व्या वर्षी, तो गाडी घेऊन अमेरिकेत बॉनविलच्या मिठाच्या मैदानावर पोचला. गाडीवर आता माशासारखं निमुळतं कवच होतं. तिथे ती ताशी २८८ किलोमीटरने पळाली. १९६७ मध्ये इंजिन ९५० सीसीपर्यंत वाढवून त्याने २९५ गाठले. एक हजार सीसीखालच्या गटातला विक्रम! तेव्हा स्वार ६८ वर्षांचा, गाडी ४७ वर्षांची. १९७८ मध्ये मन्रो गेला. २००५ मध्ये त्याच्यावर सिनेमा आला, अँथनी हॉपकिन्स मन्रोच्या भूमिकेत. गंमत म्हणजे त्याच्या मुलाला जुन्या हिशेबात चूक सापडली आणि २०१४ मध्ये, मरणानंतर ३६ वर्षांनी, विक्रम थोडा वाढून २९६ झाला!

आता पुन्हा तुमच्या राजदूतकडे या. रेडिमेड किट लावून दोन दिवसांत लूक येतो, पण गाडी तुमची होत नाही. मन्रोला आपल्या इंजिनचा प्रत्येक पार्ट ठाऊक होता, कारण त्यातले बरेचसे त्याने स्वतः घडवले, तोडले आणि पुन्हा घडवले. तेव्हा रंग शेवटी. आधी मेकॅनिककाकांच्या शेजारी बसून कार्ब्युरेटर उघडा, हात काळे करा. चेसिस किंवा इंजिनला हात लावायचा तर आधी आरटीओत विचारा. आणि वेग? मन्रोचा वेग मोकळ्या मैदानावरचा होता, दारव्हा रोडवरचा नाही.

गाडी पहिल्या किकला सुरू होणार नाही. तेव्हा फळीवर एक जागा रिकामी ठेवा, तुमच्या पहिल्या तुटलेल्या पार्टसाठी.