रँग्लर परांजपे

कोकणातल्या मुर्डी गावी १८७६ साली जन्मलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजला सीनिअर रँग्लर झाले. हा मान मिळवणारे ते पहिलेच भारतीय. (मान विभागून मिळाला होता, पण ते कोण लक्षात ठेवतो!) सरकारी नोकरीत बडा पगार मिळता, परांजपे मात्र डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या तुटपुंज्या वेतनावर फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला परतले आणि १९०२ साली, अवघ्या सव्विसाव्या वर्षी, प्राचार्य झाले.

ही खुर्ची सुखाची नव्हती. १९०५ साली पुण्यात परदेशी कपड्यांची होळी झाली. तीत पुढाकार घेणाऱ्या विनायक सावरकर या विद्यार्थ्याला परांजप्यांनी दहा रुपये दंड करून वसतिगृहातून काढले. 'केसरी'ने त्यांच्यावर सडकून टीका केली. आमच्या मते हा निर्णय चुकलाच. पण तो भित्रेपणातून आलेला नव्हता. महाविद्यालय राजकारणापासून दूर राहावे, ही त्या नेमस्त माणसाची श्रद्धाच होती. देवधर्म न मानणाऱ्या या बुद्धिवाद्याने लोकप्रियतेची पर्वा कधी केली नाही.

मधला मंत्रिपदाचा काळ वगळता १९२४ पर्यंत ते फर्ग्युसनचे प्राचार्य राहिले. पुढे लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू, मग ऑस्ट्रेलियात भारताचे हायकमिशनर. १९५६ साली, ऐंशीव्या वर्षी, ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९६६ साली त्यांचे निधन झाले.