कोटितीर्थाचा चित्रकार

कोल्हापुरात कोटितीर्थ नावाचे एक तळे आहे. शंभर वर्षांपूर्वी तेथे फारशी वर्दळ नसे. भोवती झाडी, काठावर महादेवाचे देऊळ आणि पाण्यात उतरलेले आकाश. या निवान्त जागी एक वृद्ध चित्रकार आपल्या कामात गढून गेलेला दिसे. त्यांचे नाव आबालाल रहिमान.

आबालालांचे वडील कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करीत. वळणदार अक्षरे व पानांच्या कडेची रंगीत वेलबुट्टी पाहतच मुलगा वाढला. पुढे मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत त्याने शिक्षण घेतले आणि १८८८ साली व्हाइसरॉयचे पदक मिळविले. अशा तरुणास मुंबईत धनिकांच्या तसबिरी रंगवून पैसा व नाव सहज मिळाले असते. आबालाल मात्र कोल्हापुरास परतले.

गुणी माणसांची पारख असलेल्या शाहू महाराजांनी त्यांस दरबारी चित्रकार नेमले. महाराजांच्या शिकारीचे प्रसंग आबालालांनी रंगविले; पण त्यांचे मन रमे ते रानात आणि पाण्याकाठी. पंचगंगेचा घाट, रंकाळ्यातील संध्यामठ, कोटितीर्थाची झाडी हेच त्यांचे विषय. पावसाळ्यात पाण्याने वेढला जाणारा आणि पाणी ओसरले की उघडा पडणारा तो दगडी मठ त्यांच्या चित्रामुळे दूरवर पोचला. एकच झाड सकाळी निराळे दिसते, सायंकाळी निराळे. म्हणून त्याच जागी पुन्हा पुन्हा जाण्याचा त्यांना कंटाळा नसे. जलरंगात उजेड दाखवावयाचा तर कागदाचा पांढरेपणाच राखावा लागतो. एकदा हात चुकला की तो उजेड गेलाच! रंग विकत घेण्यास पैसे नसले, तर पाने व माती यांपासून ते स्वतः रंग बनवीत, असे सांगतात.

त्याच शतकात फ्रान्समध्ये काही चित्रकार फाँतेनब्लोच्या अरण्यालगत बार्बिझाँ खेड्यात राहून झाडे आणि शेते रंगवीत होते. त्यांना एकमेकांची सोबत होती. आबालाल प्रथम एकटेच होते.

१९२२ साली शाहू महाराजांचे निधन झाले. आश्रयदाता गेला, त्याहून अधिक म्हणजे चित्रे मनापासून पाहणारा गेला. त्या दुःखाच्या भरात आबालालांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थात टाकून दिली, अशी हकीकत कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. कागदावरचा जलरंग पाण्यात किती टिकणार? ज्या तळ्यावरून ती रंगविली, त्याच तळ्यात ती विरून गेली.

१९३१ साली आबालाल वारले. तोपर्यंत दत्तोबा दळवी, बाबूराव पेंटर यांसारख्या तरुणांनी त्यांची वाट धरली होती. बाबूरावांनी पुढे चित्रपट काढून कीर्ती मिळविली, तरी त्यांचा कुंचला सुटला नाही. रंगपेटी घेऊन रंकाळ्याच्या काठी बसणारे चित्रकार कोल्हापुरास त्यानंतर कधी कमी पडले नाहीत.